ओपन रेट चढता, वाचक गप्प: एका साप्ताहिक ईमेल पत्राचं प्रकरण

पार्श्वभूमी

बागकाम शिकवणारी एक संस्था आहे. सशुल्क ऑनलाइन अभ्यासक्रम हा तिचा मुख्य आधार, आणि त्या अभ्यासक्रमांकडे माणसं येतात ती बहुतेक दर आठवड्याच्या ईमेल पत्रातून. ओळख पटू नये म्हणून संस्थेचं नाव, तिचे आकडे आणि काही तपशील झाकले आहेत. इथे जिथे आकडेमोड केली आहे तिथे ती 'समजा' म्हणून केली आहे.

पत्र सुरू झालं तेव्हा ते संपादकबाई एकट्या लिहायच्या. एक लेख, शेवटी वाचकांना एक प्रश्न, खाली त्यांचं नाव. लोक थेट त्याच ईमेलला उत्तर द्यायचे, आपल्या झाडांचे फोटो जोडायचे, आणि त्यातूनच पुढच्या लेखाचे विषय निघायचे. संस्था वाढली तसा विपणन विभाग आला, पत्राला रंगीत साचा आला, अभ्यासक्रमांचे बॅनर आले. यादीही फुगत गेली. अभ्यासक्रम केलेले विद्यार्थी, मोफत पुस्तिका उतरवून घेतलेले, प्रदर्शनात वहीवर पत्ता लिहून दिलेले, स्पर्धेत भाग घेतलेले असे सगळे एकाच यादीत. कोण कुठून आलं याची नोंद निम्म्याहून अधिक पत्त्यांपुढे नव्हती. ही उणीव पुढे फार महागात पडली.

समस्या

दर महिन्याच्या बैठकीत विपणनप्रमुख एक आलेख दाखवायचे. त्यात ओपन रेट, म्हणजे पोचलेल्या ईमेलपैकी किती उघडली गेली त्याचं प्रमाण, वर्षभर चढतं होतं. त्याच बैठकीत लेखा विभागाचा तक्ता यायचा, आणि पत्रातून येणाऱ्या नोंदण्या त्यात घसरत होत्या. दोन्ही कागद एकाच टेबलावर असूनही त्यांची गाठ कोणी घालून पाहिली नव्हती. अभ्यासक्रमांच्या किमतीत किंवा पानाच्या मांडणीत काहीतरी बिघडलं असावं, असा सगळ्यांचा समज होता.

शेवटी संपादकबाईंनी विचारलं, "वाचक वाढले म्हणता, मग मला उत्तरं का येत नाहीत?" या प्रश्नामुळेच सगळी तपासणी सुरू झाली.

ओपन रेट मोजायची पद्धत समजली की या विसंगतीचं अर्धं उत्तर मिळतं. प्रत्येक ईमेलमध्ये डोळ्यांना न दिसणारं, एका बिंदूएवढं चित्र दडवलेलं असतं. ते सर्व्हरवरून उतरवलं गेलं की 'ईमेल उघडली' अशी नोंद होते. याचा अर्थ आपण वाचन मोजतच नाही, चित्र उतरल्याचं मोजतो. सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १५ बरोबर अ‍ॅपलने मेल अ‍ॅपमध्ये गोपनीयतेची एक सोय आणली. ती चालू असली की पत्रातली चित्रं अ‍ॅपलच्या मधल्या सर्व्हरमार्फत मागच्या मागे उतरवली जातात, मग माणसाने ईमेल उघडलेली असो वा नसो. पत्ता जीमेलचा असला तरी तो अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपमध्ये जोडलेला असेल, तर हेच घडतं. अशा वाचकाने वर्षभर एकही पत्र पाहिलं नाही, तरी नोंदीत तो सगळ्यात निष्ठावान दिसतो.

उलट बाजूही आहे. चित्रं बंद ठेवून ईमेल वाचणारे बरेच असतात, आणि कार्यालयीन खात्यांवर तर चित्रं आपोआप उतरत नाहीत असं सर्रास असतं. हे लोक शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात आणि मोजणीत मात्र शून्य राहतात. म्हणून ओपन रेटला 'थोडा कमी-जास्त' आकडा म्हणून चालत नाही. तो एकाच वेळी दोन्ही दिशांनी चुकतो, आणि कुठल्या दिशेला किती, हे प्रत्येक यादीगणिक वेगळं असतं.

क्लिकचे आकडे तरी खरे असतील, असं वाटत होतं. तेही तपासले. काही कार्यालयीन डोमेनवर (डोमेन म्हणजे ईमेल पत्त्यातला @ नंतरचा भाग) ईमेल पोचल्यापासून काही सेकंदांत तिच्यातल्या सगळ्या लिंकांवर क्लिक पडत होते, अगदी तळाशी बारीक अक्षरात असलेल्या गोपनीयता धोरणाच्या लिंकवरसुद्धा. झाडांची आवड असलेला कोणताही माणूस आठ सेकंदांत धोरण वाचायला जात नाही. ते क्लिक सुरक्षा यंत्रणांचे होते. येणाऱ्या ईमेलमधल्या लिंका सुरक्षित आहेत का, हे त्या आधी स्वतः उघडून पाहतात.

पण सगळ्यात गंभीर गोष्ट सापडली ती पत्राच्या तळाशी. जीमेल साधारण १०२ किलोबाइटच्या पुढचा ईमेलचा कोड कापतं आणि खाली 'संपूर्ण संदेश पाहा' अशी लिंक ठेवतं. फोटोंचं वजन यात धरत नाहीत, फक्त कोडचं धरतात. या पत्राचा लेख वर्ड फाइलमधून थेट साच्यात चिकटवला जायचा, आणि त्याबरोबर प्रत्येक परिच्छेदाला अदृश्य सजावटीच्या कोडचे ढीग चिकटून यायचे. जुन्या अंकांचा कोड काढून पाहिला, तर दोन ओळींच्या परिच्छेदाभोवती पानभर निरुपयोगी खुणा होत्या. अंक मोठा असला की तळ कापला जायचा, आणि त्या तळातच होती 'यादीतून नाव काढा' ही लिंक.

आता वाचकाच्या जागी बसून बघा. पत्र नकोसं झालंय, बाहेर पडायची वाट दिसत नाही. समोर एक बटण मात्र कायम असतं, ते म्हणजे 'स्पॅम'. पाठवणाऱ्याला आपल्या ईमेलचं जीमेलवर काय होतं ते दाखवणाऱ्या गुगलच्या पोस्टमास्टर टूल्स या साधनात संस्थेच्या डोमेनची नोंद पाहिली तेव्हा लांबलचक अंकांच्या दिवशी स्पॅम तक्रारींचं प्रमाण वर उसळलेलं दिसलं. काही दिवशी ते ०.३ टक्क्यांच्या पुढे होतं. फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांसाठी गुगल आणि याहूने नियम कडक केले. त्यात हेच ०.३ टक्के ही ओलांडू नये अशी रेषा आहे, आणि गुगलचा सल्ला तर ०.१ च्या खाली राहण्याचा आहे.

तक्रारी वाढल्या की पुढची पत्रं अधिकाधिक लोकांच्या स्पॅम फोल्डरमध्ये पडतात. ज्यांना पत्र हवं आहे त्यांनाही मग ते दिसत नाही. उत्तरं आटण्याचं एक ठोस कारण हे होतं. यात आणखी एक फसवी गोष्ट आहे. पोस्टमास्टर टूल्समधलं प्रमाण इनबॉक्समध्ये पोचलेल्या ईमेलवर काढलेलं असतं. पत्रं आधीच स्पॅममध्ये पडू लागली, तर तक्रार करायला समोर कोणी उरत नाही आणि आकडा खाली येतो. या संस्थेच्या आलेखात मधे दोन शांत आठवडे दिसत होते. ते सुधारणेचे आठवडे मानले गेले असते तर सगळं निदान भलत्याच वाटेला गेलं असतं.

समोरचे पर्याय

विपणनप्रमुखांचा कल विषयओळीवर काम करण्याकडे होता. दर आठवड्याला दोन विषयओळी, अर्ध्या यादीला एक, अर्ध्या यादीला दुसरी, जास्त उघडली जाईल ती जिंकली. सूचना सरळ वाटते, पण निकाल ज्या आकड्यावर लावायचा तोच यंत्रांनी भरलेला. यंत्र दोन्ही विषयओळींची पत्रं सारख्याच उत्साहाने 'उघडतं', त्यामुळे खरा फरक असला तरी तो पातळ होतो.

मग क्लिकवर निकाल लावावा का? इथे यादीचा आकार आडवा येतो. समजा, एरवी दोन टक्के लोक क्लिक करतात आणि नव्या विषयओळीने ते २.२ टक्के होतात का, हे तपासायचं आहे. पाच टक्के चुकीची मुभा आणि फरक असल्यास तो पकडण्याची ऐंशी टक्के शक्यता, हे सांख्यिकीचे नेहमीचे निकष धरले, तर प्रत्येक गटात साधारण ऐंशी हजार पत्ते लागतात. दोनावरून थेट तीन टक्क्यांवर उडी अपेक्षित असेल तर प्रत्येकी चारेक हजार पुरतात. विषयओळीतला एखादा शब्द बदलून एवढी उडी क्वचितच बसते. बहुतेक छोट्या याद्यांवर दर आठवड्याला जाहीर होणारे 'विजेते' हे नाणेफेकीचे निकाल असतात, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांच्या जोरावर शैली बदलत नेणं हा लिहिणाऱ्यावर अन्याय आहे.

दुसरा पर्याय आठवड्याला दोन पत्रं पाठवण्याचा होता. तक्रारींचा आकडा पाहिल्यावर तो आपोआप मागे पडला. तिसरा, ईमेल पाठवण्याची सेवा बदलण्याचा. ईमेल खरोखर त्याच पाठवणाऱ्याची आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही खुणा डोमेनवर नीट बसवलेल्या होत्या, त्यामुळे दोष सेवेचा नव्हता. सेवा बदलली असती तर जुन्याच सवयी नव्या घरी गेल्या असत्या.

चौथा पर्याय म्हणजे यादीला सरळ कात्री लावणं. नव्वद दिवसांत न उघडलेल्यांना वगळा. अनेक ठिकाणी असा नियम आपोआप चालतो. पण वर सांगितलं तसं, या नियमाने अ‍ॅपलच्या सोयीआड झोपलेले सगळे यादीत टिकतील आणि चित्रं बंद ठेवून मन लावून वाचणारे बाहेर फेकले जातील. कापायचं होतंच, पण कुठल्या मापाने हे ठरल्याशिवाय कात्री उचलायची नाही असं ठरलं.

पाचवा पर्याय संपादकबाईंचा. पत्र पुन्हा पत्रासारखं करा. विपणनप्रमुखांना ही भावनिक मागणी वाटली. "बॅनर काढले तर नोंदण्या कुठून येणार, ते सांगा," असा त्यांचा सवाल होता, आणि तोही गैर नव्हता. पगार त्याच नोंदण्यांवर चालत होते.

पहिला निर्णय: मोजायचं काय

आधी माप, मग दुरुस्ती, असा क्रम ठरला. ओपन रेट बैठकीच्या तक्त्यातून निघाला. तो पूर्ण टाकून दिला नाही. एखाद्या एकाच ईमेल सेवेवर तो अचानक कोसळला तर पत्रं तिथे अडकली आहेत एवढा इशारा त्यातून मिळतो, म्हणून तांत्रिक काम पाहणाऱ्या सहकाऱ्याकडे तो राहिला.

त्याच्या जागी 'सक्रिय वाचक' हे माप आलं: गेल्या बारा आठवड्यांत ज्याने स्वतःच्या हाताने एक तरी कृती केली तो. कृती म्हणजे यंत्राचे वगळून उरलेला क्लिक, पत्राला दिलेलं उत्तर, अभ्यासक्रमाची नोंदणी, किंवा शिकण्याच्या पानावर केलेलं लॉगिन.

हे माप अंकागणिक न काढता वाचकागणिक का काढलं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. समजा, दहा हजार लोकांना पत्र जातं आणि दर आठवड्याला तीनशे जण क्लिक करतात. प्रत्येक अंकाचा अहवाल एकच सांगणार, तीन टक्के. पण दर आठवड्याला तेच तीनशे असतील, तर बारा आठवड्यांनंतरही तुमचे सक्रिय वाचक तीनशेच. दर वेळी निराळे असतील, तर ते छत्तीसशे. या दोन याद्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, तरी साप्ताहिक अहवालात त्या हुबेहूब सारख्या दिसतात. या संस्थेची स्थिती पहिलीच्या जवळची निघाली. मोजका, त्याच त्या नावांचा गट क्लिक करत होता, आणि त्यात जुने विद्यार्थी जास्त होते.

यंत्रांचे क्लिक वेगळे काढायला तीन खुणा एकत्र वापरल्या: डोळ्यांना न दिसणारी एक लिंक, जिच्यावर माणूस क्लिक करूच शकत नाही, पोचल्यावर काही सेकंदांत आलेला क्लिक, आणि सगळ्या लिंकांवर एकदम पडलेले क्लिक. एकट्या वेळेवर भरवसा ठेवला नाही, कारण फोन हातात असताना पत्र येऊन ते लगेच उघडणारी माणसंही असतात.

सगळ्यात अवघड प्रश्न होता, नोंदण्या पत्रामुळे होतात हे कशावरून? पत्रातल्या लिंकवरून आलेली नोंदणी पत्राच्या खात्यात जायची, पण तो माणूस एरवीही आलाच असता तर? याचं प्रामाणिक उत्तर एकाच मार्गाने मिळतं. चिठ्ठ्या टाकून काही वाचक निवडायचे, त्यांना काही काळ ईमेल पाठवायची नाही, आणि दोन्ही गटांतल्या नोंदण्या ताडून पाहायच्या. विपणनप्रमुख याला तयार होते, संपादकबाई नव्हत्या. ज्यांनी पत्र मागून घेतलं आहे त्यांना प्रयोगासाठी ते नाकारायचं नाही, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. मला त्यांचं म्हणणं पटलं. तोडगा असा निघाला की साप्ताहिक पत्र सगळ्यांना जाईल, आणि प्रवेश सुरू होताना जाणाऱ्या निव्वळ जाहिरातीच्या ईमेल यादीतल्या एक दशांश लोकांना जाणार नाहीत.

दुसरा निर्णय: बाहेर जायची वाट मोकळी करणं

कोड साफ केला. लेख आधी साध्या मजकुरात उतरवायचा आणि मगच साच्यात घालायचा, असा नियम झाला. पाठवण्याआधी कोडचं वजन पाहणं हे तांत्रिक सहकाऱ्याचं ठरलेलं काम बनलं.

'नाव काढा' ही लिंक तळाशी राहिलीच, शिवाय पत्राच्या अगदी वरही आली. ईमेलच्या शीर्षभागात, म्हणजे वाचकाला एरवी न दिसणाऱ्या तांत्रिक ओळींत, एका क्लिकने नाव काढण्याची सोय जोडली, म्हणजे जीमेल किंवा याहू स्वतःच पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी ते बटण दाखवतं. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांत मोठ्या प्रमाणावर जाणाऱ्या जाहिराती आणि वर्गणीच्या ईमेलसाठी हे बंधनकारकच आहे, आणि विनंती दोन दिवसांत पाळावी लागते. यामागचं २०१७ चं तांत्रिक प्रमाण, आरएफसी ८०५८, विचारपूर्वक बनवलेलं आहे. नुसती लिंक उघडली गेली म्हणून नाव निघत नाही, त्यासाठी वेगळ्या प्रकारची विनंती जावी लागते. कारण तेच, लिंका चाचपणाऱ्या सुरक्षा यंत्रणा. या संस्थेत काही निष्ठावान वाचकांची नावं आपोआप निघाल्याच्या तक्रारी पूर्वी आल्या होत्या. नाव काढण्याची जुनी लिंक नुसती उघडली तरी काम तमाम करत होती, हे तेव्हा कळलं. आता त्या लिंकवर एक साधं पान उघडतं: पूर्ण बंद, की महिन्यातून एकदाच?

पहिल्या काही अंकांना नाव काढणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. बैठकीत अस्वस्थता होती. वरची लिंक लगेच काढा, अशी मागणी आली. त्या क्षणी माघार घेतली असती तर सगळं पूर्वपदावर गेलं असतं. पण त्याच आठवड्यांत स्पॅम तक्रारी उतरताना दिसल्या. जे आधी तक्रार करून जात होते ते आता दारातून जात होते. गळती नवी नव्हती, ती आता मोजता येत होती एवढंच. निर्णय टिकला, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सगळ्यात धाडसी निर्णय होता.

तिसरा निर्णय: पत्रात काय असावं

जुन्या साच्यात लेखाच्या तीन ओळी आणि मग 'पुढे वाचा' असं असायचं. क्लिक मिळवायचा हा सोपा मार्ग. त्यात वाचकाची गैरसोय होते. फोनवर पत्र वाचणाऱ्याला ते सोडून ब्राउझरमध्ये जावं लागतं, आणि तिथे पान उघडेपर्यंत तो निघून गेलेला असतो. संपादकबाईंनी मुख्य लेख पूर्ण पत्रातच द्यायचं ठरवलं. बॅनर एकच राहिला, तोही लेखानंतर.

पण लेख पत्रातच वाचून झाला तर क्लिक कशाला करायचा? वाचन सुधारणार आणि माप पडणार. ही खरी कोंडी होती, कारण माप राखण्यासाठी लेख तोडणं म्हणजे मापासाठी वाचकाला त्रास देणं.

मार्ग जुन्या पत्रातच होता: शेवटचा प्रश्न. कुंडीतल्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या अंकात लेखाखाली असं विचारलं होतं, 'तुमच्या कुंडीत पाणी घातल्यावर ते खाली यायला किती वेळ लागतो?' आणि खाली तीन लिंका: 'लगेच वाहून जातं', 'थोडा वेळ मुरतं, मग येतं', 'वरच साचून राहतं'. ज्या उत्तरावर बोट ठेवाल त्यानुसार वेगळं पान उघडायचं. लगेच वाहून जात असेल तर माती आकसून कडांना फट पडली आहे का ते कसं पाहावं. साचत असेल तर खालचं छिद्र मुळांनी बुजलंय का ते कसं तपासावं. वाचकाला त्याच्या कुंडीपुरतं उत्तर मिळायचं आणि संस्थेला कळायचं की पुढचा लेख कशावर हवा. शिवाय एक सोय आपसूक झाली. एकाच सेकंदात तिन्ही उत्तरं देणारा वाचक माणूस नसतो, त्यामुळे यंत्रांचे क्लिक ओळखणं फार सोपं झालं.

प्रश्नाखाली एक ओळ कायम राहिली: 'याच ईमेलला उत्तर द्या, मी वाचते.' पूर्वी उत्तर द्यायला गेलं की पत्ता 'उत्तर देऊ नका' छापाचा होता. तो बदलून संपादकबाईंचा खरा पत्ता घातला. इतक्या दिवसांत हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं, कारण पाठवणाऱ्याचा पत्ता साच्याबरोबर आला होता आणि साचा कोणी उघडून पाहत नाही.

चौथा निर्णय: यादीची छाटणी

वर्षभर एकही कृती न केलेल्या पत्त्यांचा गट काढला. तो मोठा होता. मोफत पुस्तिका आणि स्पर्धेतून आलेल्यांचा वाटा त्यात जास्त असावा असा अंदाज होता, पण नोंदी अर्धवट असल्याने छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. जुने पत्ते ठेवून देण्यात दुसराही धोका असतो. काही ईमेल सेवा वापरात नसलेले पत्ते बंद करतात आणि पुढे तेच सापळा म्हणून पुन्हा चालू ठेवतात. त्यावर ईमेल गेली की पाठवणारा आपली यादी तपासत नाही, हे त्यांना कळतं.

या गटाला संपादकबाईंच्या नावाने चित्राविना, साचाविना, साध्या अक्षरांतली ईमेल गेली. तिचा मजकूर चार वाक्यांचा होता: पत्र अजून हवं आहे का, हवं असेल तर या एका लिंकवर क्लिक करा किंवा नुसतं 'हो' लिहून पाठवा, नको असेल तर काहीच करायची गरज नाही, पुढच्या महिन्यापासून पत्र थांबेल. दोन आठवड्यांच्या अंतराने ती पुन्हा गेली, मग एकदा शेवटची.

उत्तरांमधून जे कळलं ते कुठल्याच तक्त्यात आलं नसतं. काही वाचकांनी कळवलं की आम्ही दर आठवड्याला वाचतो, कधीच क्लिक करत नाही, कारण जे हवं ते पत्रातच असतं. एकाने तर अंक छापून फाइलला लावत असल्याचं लिहिलं. हे लोक कोणत्याही स्वयंचलित नियमाने बाहेर गेले असते. त्यांच्यासाठी नोंदीत वेगळी खूण ठेवली, 'मौन वाचक, स्वतः कळवलेले', आणि त्यांना छाटणीतून कायमचं वगळलं. उरलेले बहुसंख्य पत्ते गप्प राहिले आणि यादीतून गेले.

निष्पत्ती

यादी लक्षणीयरीत्या लहान झाली. स्पॅम तक्रारी ०.१ टक्क्यांच्या खाली आल्या आणि तिथे टिकल्या. बारा आठवड्यांतले सक्रिय वाचक केवळ प्रमाणात नव्हे तर प्रत्यक्ष संख्येतही वाढले. हा भेद महत्त्वाचा आहे. यादी छाटली की प्रत्येक टक्केवारी आपोआप सुधारते, कारण भागाकारातला खालचा आकडा घटतो. छाटणीनंतर टक्केवारी दाखवून कोणी यशाचा दावा करत असेल, तर त्याला माणसांची संख्या विचारावी. पत्रांना उत्तरं पुन्हा येऊ लागली, आणि त्यांतल्या प्रश्नांवर संपादकबाईंनी एक नवा छोटा अभ्यासक्रम बेतला.

जाहिरातीच्या ईमेलचा प्रयोग मात्र विपणन विभागाला जड गेला. ज्या दशांश गटाला त्या गेल्या नव्हत्या, त्यातल्याही बऱ्याच जणांनी नोंदणी केली होती. फरक होता, पण पूर्वी ईमेलच्या खात्यात लिहिल्या जाणाऱ्या संख्येपेक्षा बराच लहान. विपणनप्रमुखांनी तो निकाल जसाच्या तसा बैठकीत मांडला, आणि प्रवेशाच्या वेळच्या ईमेलची संख्या स्वतःहून घटवली. याबद्दल त्यांचं मनापासून कौतुक वाटतं. स्वतःच्या विभागाचं महत्त्व कमी दाखवणारा आकडा मांडायला हिंमत लागते.

वेगळं काय करता आलं असतं

कोडची सफाई, वर आणलेली लिंक आणि नवा साचा, हे सगळं थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने लागू झालं. त्यामुळे उत्तरं परतली ती पत्रं पुन्हा इनबॉक्समध्ये पोचू लागल्यामुळे, की लेख पूर्ण मिळू लागल्यामुळे, की उत्तराचा खरा पत्ता दिल्यामुळे, हे सुटं करून सांगता येत नाही. तक्रारींचं संकट समोर होतं, म्हणून कोड आणि लिंक तातडीने बदलणं भागच होतं. साचा मात्र दोन महिने थांबू शकला असता, किंवा आधी निम्म्या यादीला देऊन पाहता आला असता. तसं केलं असतं तर संपादकबाई आणि विपणनप्रमुख यांच्यातला जुना वाद पुराव्याने मिटला असता. आता दोघंही आपापल्या स्पष्टीकरणावर ठाम आहेत.

छाटणीची ईमेल सगळ्या निष्क्रिय गटाला एकदम गेली, हेही टाळता आलं असतं. अशा गटात बंद पडलेले पत्ते आणि सापळे जास्त असतात, आणि त्यांना एकाच दिवशी ईमेल पाठवणं डोमेनच्या नावाला जोखमीचं. आधी सर्वांत अलीकडे सक्रिय असलेले, मग त्यामागचे, अशा छोट्या तुकड्या करणं शहाणपणाचं ठरलं असतं. या वेळी मोठं नुकसान झालं नाही, पत्त्यावर न पोचता परत आलेल्या ईमेलचं प्रमाण त्या दिवशी चढलं आणि उतरलं.

आणि नोंद. प्रत्येक पत्त्यापुढे तो कधी आला, कुठून आला, त्याला काय मिळेल असं सांगितलं होतं, एवढ्या तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून लिहिल्या असत्या तर निम्मी तपासणी लागलीच नसती. स्पर्धेसाठी पत्ता दिलेल्या माणसाने साप्ताहिक पत्र मागितलेलंच नव्हतं. त्याचं मौन हा प्रतिसादाचा प्रश्न नव्हता, संमतीचा होता, आणि त्यावर विषयओळीचा कुठलाही उपाय चालला नसता. आता नाव नोंदवण्याच्या प्रत्येक फॉर्मवर पत्रासाठी वेगळा, आधीपासून खूण न केलेला चौकोन आहे. यादी सावकाश वाढते.

एक मुद्दा अजून उघडा आहे. ते अदृश्य चित्र पत्रातून पूर्ण काढून टाकावं, असं संपादकबाईंचं म्हणणं आहे, कारण ज्याच्या आधारे आपण काहीच ठरवत नाही ती पाळत वाचकावर ठेवायची कशाला. तांत्रिक सहकाऱ्याला पोचण्यातल्या अडचणींचा इशारा देणारं ते एकमेव जलद साधन वाटतं. तूर्त एका छोट्या गटाच्या पत्रांतून ते काढलं आहे, आणि क्लिक व उत्तरं यांवरून तोच इशारा किती उशिरा मिळतो याची नोंद ठेवली जात आहे.